नकुशीची भाकरी

शाळूची काढणी झाली की नव्या ज्वारीची पहिली भाकरी आमच्या घरात कुणी खात नाही. ती थापायची, भाजायची, धुतलेल्या फडक्यात गुंडाळायची आणि शिंक्यावर ठेवायची. रात्रभर ती तिथेच राहते. सकाळी गल्लीतल्या एखाद्या लहान मुलीला दुधात कुस्करून द्यायची. या भाकरीला नाव आहे: नकुशीची भाकरी.

नकुशी म्हणजे माझ्या पणजोबांची, अर्जुना होवाळांची, थोरली बहीण. एकोणिसावे शतक संपता संपता जो मोठा दुष्काळ पडला, त्यात तिच्या बापाने तिला साताऱ्याला मिशनच्या हवाली केले आणि लहान अर्जुनाला कडेवर घेऊन तो परत फिरला. दोन्ही मुले जगवणे त्याला शक्य नव्हते. मुलगा ठेवला, मुलगी दिली. पाऊस झाल्यावर तो तिला आणायला गेला आणि एकटाच घरी आला. तिथे काय झाले हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितले नाही. मग त्या बाईने सुगीत पहिली भाकरी बाजूला काढून ठेवली. तिच्यामागे तिच्या सुनेने ठेवली आणि सुनेमागे बयाआजीने.

बयाआजी ही अर्जुनाची शेंडेफळ, माझ्या वडिलांची आत्या. आता नव्वदीच्या पुढे आहे. लग्न झाल्यावर वर्षातच नवरा गेला, तेव्हा ती करंजवाडीला भावाकडे आली आणि तिथलीच झाली. करंजवाडी आटपाडीच्या अलीकडे, माळावर. छप्पन साली आमच्या घरातले देव ओढ्यात सोडले तेव्हा भाकरीचाही विषय निघाला होता. माझे आजोबा म्हणाले, हेही बंद करा. त्यांची आई म्हणाली, "ही देवाला न्हाई. ही माझ्या नणंदंला हाय." देव गेले, भाकरी राहिली.

या वर्षी जानेवारीत बयाआजीला न्यूमोनिया झाला. मिरजेच्या दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला सांगलीला माझ्याकडे आणले. मी भूजल विभागात काम करते. माझे दिवस विहिरींची पातळी आणि पाण्याचे नमुने यांत जातात. घरात आम्ही दोघीच. एका सकाळी मी तिच्या चहाची बशी निववत होते.

"अक्षे, माझ्यामागं ती भाकरी कोण ठेवणार?"

"मी ठेवीन की."

"तुला भाकरी कुठं येती?"

हे खरे होते.

"पल्लवीला सांग मग," मी म्हणाले. पल्लवी माझ्या चुलतभावाची बायको. करंजवाडीचे घर तीच बघते.

"सांगितलं तर ठेवंल ती. पर का म्हणून तिच्या गळ्यात घालायची?" बयाआजीने बशी हातात घेतली, पण प्यायली नाही. "ती पोरगी जगली असंल, पोटभर जेवली असंल, तर बंद करू. उपाशी मेली असंल, तर ठेवाया पायजे. कायतरी एक ठरू दे. तू एवढी शिकलीयास, तेवढं बघ."

"आजी, सव्वाशे वर्षं झाली त्याला."

"झाली तर झाली. बोअरचं पाणी किती जुनं असतंय म्हणलीवतीस?"

काही ठिकाणी हजारो वर्षांचे असते, असे मीच तिला कधीतरी सांगितले होते.

"मग हे कालपरवाचंच की," ती म्हणाली आणि चहा प्यायली. "शाळू निघायच्या आत बघ."

साताऱ्यातल्या मिशनच्या जुन्या चर्चमध्ये मी फोन केला. पाळकांनी सांगितले की रजिस्टरे पाहता येतील, पण कपाटाची किल्ली प्रमिलाताई उजगरे यांच्याकडे असते आणि त्या समोर असल्याशिवाय कुणाला पान उलटू देत नाहीत. प्रमिलाताई निवृत्त मुख्याध्यापिका. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ. शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी आधी माझे हात पाहिले.

"क्रीम लावलंय?"

"नाही."

"बरं. तुम्ही आमच्या मंडळीतल्या?"

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"मग आमच्या रजिस्टरात काय हरवलंय तुमचं?"

"घरातली एक मुलगी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "इथं लोक येतात ते जागेच्या भांडणासाठी. नाहीतर अमेरिकेतून कुणी आजोबा शोधत येतो, फोटो काढतो, जातो. मुलगी शोधत अजून कुणी आलं नव्हतं." मग त्यांनी खुर्ची सरकवली. "बसा."

बाप्तिस्म्याचे रजिस्टर टेबलभर रुंद होते. शाई तपकिरी पडली होती, अक्षर मात्र सुरेख, न थकलेले. तारीख, आधीचे नाव, ठेवलेले नाव, अंदाजे वय, आईबाप, गाव, शेरा. दुष्काळापर्यंत रकाने भरलेले होते. दुष्काळ लागल्यावर आईबापांचा रकाना रिकामा होत गेला, आणि पानामागून पान नुसती मुले.

मी आधीच्या नावांच्या रकान्यावरून बोट न टेकवता खाली येत होते. धोंडी. नकुशी. दगडी. नकुशी. नकुशी. कोंडी. नकुशी. पान उलटले तर पुन्हा तेच. मला वाटले होते की नाव ठाऊक आहे म्हणजे अर्धे काम झाले. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. मुलगी नको असताना झाली की तिचे नाव नकुशी, ही आमच्याकडची रीत माझ्या लहानपणापर्यंत चालू होती. माझ्या वर्गात दोघी होत्या. त्या पानांवर त्या सगळ्या एकाखाली एक उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पुढे नवे नाव: रूथ, मार्था, सलोमी, एस्तेर. मी बराच वेळ काही टिपून न घेता नुसती पाहत राहिले.

गावाच्या रकान्यानेही काही कळेना. करंजवाडी कुठेच नव्हती. सगळ्यांपुढे एकच गाव लिहिलेले होते.

"हे गाव नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "तिथं तलावाचं दुष्काळी काम होतं. खडी फोडायला माणसं गोळा झाली होती. पोरं तिथून आली म्हणून तेच लिहून टाकलं."

आणि शेऱ्याच्या रकान्यात काही नकुशींपुढे लिहिले होते: मृत. एकीची तारीख जूनच्या शेवटची होती, पाऊस नुकताच लागला असेल तेव्हाची.

त्या संध्याकाळी मी बयाआजीला सांगितले की नकुशी पुष्कळ आहेत, काही जगल्या, काही गेल्या, आपली कोणती ते ठरवता येत नाही.

"अंदाज?"

"अंदाजानं सांगणार नाही."

"नगंच सांगू," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. "ठरंल तवा सांग."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. या खेपेला प्रमिलाताईंनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आत कापडी बांधणीचे जाड खंड होते, डांबरगोळ्यांचा वास होता. 'सुवार्तादीप' नावाचे मंडळीचे साप्ताहिक असे, ते बंद पडून कितीतरी वर्षे झाली.

"माझी आई हा पेपर मागच्या बाजूनं वाचायची," त्या म्हणाल्या. "पुढं उपदेश. मागच्या पानावर माणसं. कोण जन्मलं, कुणाचं लग्न, कोण प्रभूकडे गेलं. आणि 'शोध'. दुष्काळातली पोरं मोठी झाल्यावर आपली माणसं शोधायची. सापडायची क्वचितच."

आम्ही मागची पाने वाचू लागलो. कागद इतका ठिसूळ की जुने पोस्टकार्ड खाली सारून पान उलटावे लागे. एका बाजूला मी, एका बाजूला त्या. मध्येच त्या ओळखीचे नाव आले की थांबत. "हे आमचे गणिताचे मास्तर. लग्नात घोड्यावरून पडले होते." पेपरात फक्त लग्न होते.

त्या शनिवारी काही मिळाले नाही, त्याच्या पुढच्याही. दरम्यान बयाआजी बरी होऊन करंजवाडीला गेली आणि तिने फोनवर कळवले की शाळूची कणसे भरली आहेत. मग एका दुपारी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या एका खंडात, मार्चच्या अंकात, मला हे दिसले:

"शोध. मी सलोमीबाई, येथील मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकास आहे. दुष्काळात माझ्या बापाने मला येथे आणून ठेविले. घरी मला नकुशी म्हणत. धाकटा भाऊ अर्जुना. गावाचे नाव ठाऊक नाही, आम्ही नुसते वाडी म्हणत असू. वाडीच्या ओढ्याकाठी दोन विहिरी आहेत व दोहींच्या मधून काळ्या दगडाची रांग गेली आहे. वरली विहीर गोड्या पाण्याची, तिला आम्ही शिवत नसू. खालली आमची. तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे. ही वाडी कोणा वाचकास ठाऊक असल्यास तेथील महारवाड्यात इतकेच सांगावे की, नकुशी जिवंत आहे व दोन वेळ पोटभर जेवते."

मी ते दोनदा वाचले. मग पान उलटायचे पोस्टकार्ड खाली ठेवले.

करंजवाडीला आम्ही आजही वाडीच म्हणतो. पण अशा वाड्या शंभर असतील, आणि अर्जुना नावाची माणसेही. त्या दोन विहिरी मात्र मला कुठल्याही कागदाशिवाय माहीत आहेत. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात त्या आहेत. काळ्या दगडाची रांग म्हणजे जमिनीच्या भेगेत वर चढून थिजलेला लाव्हा. तो जमिनीखाली भिंतीसारखा उभा असतो आणि पाणी अडवतो. वरच्या अंगाला पाणी खेळते राहते, म्हणून गोडे. खालच्या अंगाला ते कोंडते, दगडातले क्षार त्यात उतरत राहतात. असल्या जड पाण्यात डाळ तासन्‌तास दडदडीत राहते. विद्यार्थिनी असताना मी दोन्ही विहिरींचे नमुने बाटल्यांत भरून नेले होते, आणि एवढ्याशा अंतरात इतका फरक कसा, असे सरांनी विचारले होते. आटपाडी आणि माणचा पट्टा मी त्यानंतर वीस वर्षे पायाखाली घातला. अशी रांग, तिच्या दोन बाजूंना अशा दोन विहिरी, मला दुसरीकडे मिळालेल्या नाहीत.

जो फरक मी आकड्यांत मांडला, तो एका पाच-सहा वर्षांच्या मुलीने चुलीवरच्या भांड्यावरून लक्षात ठेवला होता. गावाचे नाव विसरली, पाणी विसरली नाही.

"काय झालं?" प्रमिलाताईंनी विचारले. मी अंक त्यांच्याकडे फिरवला. त्या वाचत गेल्या. शेवटपर्यंत येण्याआधीच त्यांनी चष्मा काढला.

"सलोमीआजी," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होत्या?"

"वसतिगृहात तीन वर्षं जेवलेय मी तिच्या हातचं. छप्पन साली आले तिथं, दहा वर्षांची होते. ती म्हातारी झाली होती तेव्हा, डोळे गेले होते, पण स्वयंपाकघर सोडायची नाही. एका पाटावर बसून असायची." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "नवी मुलगी आली की तिला बोलावून घ्यायची. सगळे विचारतात नाव काय, बाप काय करतो. ही विचारायची, तुमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का गं?"

मी अंक पुन्हा माझ्याकडे फिरवला आणि डाळीची ओळ शोधली.

"आम्ही तिला डाळआजी म्हणायचो. तिची नक्कल करायचो. मलापण विचारलं होतं. मी म्हटलं, शिजते. तर म्हणाली, बरं आहे तुमचं, जा खेळ." प्रमिलाताईंनी पदराने चष्मा पुसला, तो स्वच्छ असतानाही. "मला वाटायचं, वय झालंय, भ्रमतेय. ती गाव शोधत होती."

ज्या वर्षी माझ्या घरात भाकरी ठेवायची की नाही यावरून वाद झाला, त्याच वर्षी जिच्यासाठी ती ठेवली जात होती ती बाई, आज एस.टी.ने अर्ध्या दिवसाची वाट असलेल्या गावात, पाटावर बसून नव्या मुलींना आमच्या विहिरीबद्दल विचारत होती. मी मोजमापाची माणूस आहे. यासाठी माझ्याकडे माप नव्हते.

"पुढचं वर्ष काढा," प्रमिलाताई म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तीच जाहिरात होती. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी, सुगी झाल्यावर. आम्ही खंडामागून खंड काढत गेलो. काही वाळवीने खाल्ले होते, ते बाजूला ठेवले. मजकूर तोच, कुठे एखादी ओळ जास्त. एका वर्षी लिहिले होते की आता ती स्वयंपाकघराची मुख्य आहे आणि तिच्या हाताखाली दोघी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कागद पातळ झाला आणि जाहिरात लहान झाली, पण विहिरी राहिल्या आणि डाळ राहिली. नंतर एकदा: डोळ्यांना दिसत नाही, हे दुसऱ्याने लिहून दिले आहे. सर्वांत शेवटची अशी:

"भाऊ अर्जुना हयात असल्यास वृद्ध झाला असेल. त्याने येण्याची तसदी घेऊ नये. मी जेवते, इतके त्यास कळावे."

अर्जुना त्याआधी काही वर्षे गेला होता. त्याला वाचता येत नव्हते. आमच्या वस्तीत पहिल्यांदा शाळेत गेले ते माझे आजोबा, आणि मिशनचा पेपर त्यांच्या हाती यायचे काही कारणच नव्हते. इतकी वर्षे ती बरोबर उत्तर छापत राहिली आणि इतकी वर्षे आमच्या घरात तोच प्रश्न शिंक्यावर टांगलेला होता.

निघण्याआधी मी रजिस्टर पुन्हा पाहिले. सलोमी, आधीचे नाव नकुशी, वय अंदाजे सहा. तिच्या वर दोन ओळींवर दुसरी नकुशी, जूनच्या शेवटी गेलेली. पाऊस झाल्यावर एक माणूस फाटकाशी येऊन म्हणाला असेल, माझी नकुशी न्यायला आलोय. आत मुली नव्या नावांनी वावरत होत्या. कुणीतरी वही पाहून सांगितले असेल की ती गेली. त्याने आपल्या मुलीला दुसरे नावच ठेवले नव्हते, मग कोणती नकुशी हे तो कसे सांगणार? हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो घरी येऊन का बोलला नाही, हे मला यापेक्षा वेगळ्या रीतीने समजत नाही. आणि त्याच्या बायकोने त्याचे न बोलणे पुरावा म्हणून मान्य केले नाही.

करंजवाडीला पोहोचले तेव्हा शाळू निघाला होता. सोप्यात पोती उभी होती. पल्लवी चुलीपुढे होती, बयाआजी तिच्या शेजारी भिंतीला टेकून. पहिली भाकरी नुकतीच फडक्यात गेली होती.

"आलीस?" बयाआजी म्हणाली. "ठरलं का?"

"ठरलं."

"अंदाजानं?"

"नाही. विहिरीवरून."

मी फोनमधले फोटो मोठे करून पहिली जाहिरात वाचली. विहिरी आल्या तेव्हा तिने मान हलवली. डाळीचे आले तेव्हा ती पल्लवीकडे वळून म्हणाली, "खालच्या हिरीचं. आई वरणात चिंच घालायचीच न्हाई, आदीच शिजत नसायचं." पल्लवी लग्न होऊन आली तेव्हापासून घरात नळाचे पाणी आहे. तिने नुसते हूं केले. मग मी शेवटची ओळ वाचली: दोन वेळ पोटभर जेवते.

बयाआजीने चुलीत काटकी सरकवली, परत ओढली.

"कुणी बघितलंय का तिला?"

"एका बाईंनी. तिच्या हातचं जेवल्यात त्या."

"अंगानं कशी हुती?"

हे मीही प्रमिलाताईंना विचारले होते, कारण ती विचारणार हे मला ठाऊक होते. "जाड. पाटावरनं उठवायला दोन मुली लागायच्या."

बयाआजी हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलत राहिले. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. पल्लवी घाबरून पाणी आणायला उठली.

"बस गं. काय झालं न्हाई मला." तिने डोळे पुसले. "दोन पोरी लागायच्या म्हणं. मग जेवली. झ्याक जेवली." आणि मग, "ती काढ."

"काय?" पल्लवीने विचारले.

"भाकरी. फडक्यातली. काढ."

पल्लवीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. फडके उलगडले तर आतून अजून वाफ आली. बयाआजीने भाकरी दोन्ही हातांत धरली, पण लगेच मोडली नाही.

"मी सहा-सात वर्सांची असंन," ती म्हणाली. "हीच वरती शिंक्यावर. नव्या ज्वारीचा वास सगळ्या घरात. मी उतरंडीवर पाय देऊन वर चढले आन हात घातला. आईनं उलथण्यानं असलं हाणलं, इथं." तिने मनगट दाखवले. तिथे आता सुरकुत्यांखेरीज काही नव्हते. "म्हणली, तुला घरात मिळतीया, तिला कोण देतंय? नव्वद वर्सं झाली, पयली भाकरी कशी लागती ते मला ठावं न्हाई."

तिने भाकरी मोडली. एक तुकडा पल्लवीला दिला, एक मला. पल्लवीने वरणाची वाटी पुढे सरकवली, डाळ पार गळून गेलेली. बयाआजीने घास बुडवला, तोंडात घातला आणि दात नसल्यामुळे सावकाश घोळवत राहिली. आम्ही तिच्याकडे बघत थांबलो.

"कशी लागतीया?" पल्लवीने विचारले.

"भाकरीवानी," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला. "खावा की. का तिच्यागत पेपरातनं सांगावा धाडू तुमाला?" आम्ही खायला लागलो.

थोड्या वेळाने तिने फोनकडे बोट केले. "दर वर्सी छापलंय म्हणलीस न्हवं?"

"दर वर्षी. वाळवीनं काही खाल्लेत."

"ऱ्हायल्यात तेवढी वाच. सगळी. मी जेवता जेवता ऐकती."

मी हात पुसले आणि पहिल्या वर्षापासून वाचायला सुरुवात केली.